चकणा बाजूला ठेवून

एडिनबराचा किल्ला बघून खाली उतरलं, की रॉयल माइलच्या अगदी सुरुवातीलाच 'स्कॉच व्हिस्की एक्स्पीरियन्स'ची पाटी दिसते. हे केंद्र 1988 पासून तिथं आहे. टूरबरोबर आलेल्या आपल्या मंडळींचे या पाटीसमोर दोन गट पडतात. एक गट 'आपल्याला काय करायचंय' म्हणत लोकरी शालींच्या दुकानात शिरतो. दुसरा गट आत जातो, समोर आलेला ग्लास एका दमात संपवतो आणि बाहेर येऊन म्हणतो, "एवढ्या पैशांत आपल्याकडे खंबा आला असता!"

हा लेख या दुसऱ्या गटासाठी आहे. पहिल्या गटानं खुशाल शाली घ्याव्यात. जे पीत नाहीत त्यांनी पिणं सुरू करावं इतकं मोठं कारण व्हिस्की टेस्टिंगमध्ये नाही. पण जे अधूनमधून घेतात, ज्यांची मुलं-सुना ग्लासगोला किंवा लंडनला असतात आणि जे एखाद्या उन्हाळ्यात स्कॉटलंडला जाणारच आहेत, त्यांनी थोडी तयारी करून गेलं तर त्या पैशांचं चीज होईल.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकायला हवी. टेस्टिंग म्हणजे 'बसणं' नव्हे. आपल्या बैठकीत व्हिस्की ही गप्पांची सोय असते. तिच्यात सोडा असतो, बर्फ असतो, समोर मसाला शेंगदाणे आणि चिकन चिली असते, आणि 'अरे घे रे, एवढ्यानं काय होतंय' असा आग्रह करणारा एक यजमान असतो. यात वाईट काही नाही. पण त्या वेळी ग्लासात नेमकं काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि तशी गरजही नसते. टेस्टिंगमध्ये सगळं काम तुलनेचं असतं. तीन ते सहा ग्लास एका ओळीत मांडलेले, प्रत्येकात साधारण 15 ते 20 मिलिलिटर, म्हणजे आपल्या छोट्या पेगापेक्षाही कमी. एकाच ग्लासाकडून फार काही कळत नाही. तोच ग्लास दुसऱ्याशेजारी ठेवला, की 'अरेच्चा, हा गोडसर आहे आणि तो धुरकट' हे नवख्यालाही पहिल्या मिनिटात उमगतं.

तुलना करायची तर नाक शाबूत हवं. त्या दिवशी अत्तर, परफ्यूम, उग्र आफ्टरशेव्ह काही लावू नका. तुमचं तर जाईलच, शेजारच्या पाचजणांचं नाकही तुम्ही घालवाल. जेवण हलकं पण नक्की करून जा. उपाशीपोटी टेस्टिंग हा शुद्ध वेडेपणा आहे. जेवणात मात्र ठेचा, लोणचं, कच्चा कांदा टाळा, कारण तिखटानं चुरचुरणाऱ्या जिभेला पुढचा तासभर मद्यार्काची आगच तेवढी जाणवते. जेवणानंतरची बडीशेप, लवंग, पान, तंबाखू यांनाही सुट्टी. सर्दी झाली असेल तर सरळ बुकिंग पुढं ढकला. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

समोर येणारा ग्लास बहुधा ट्युलिपच्या कळीसारखा असेल, खाली फुगीर आणि वर निमुळता. ग्लेनकेर्न नावाचा हा ग्लास 2001 पासून बाजारात आहे आणि आता जवळपास सगळीकडे तोच वापरतात. निमुळत्या तोंडामुळे वास एका जागी गोळा होतो. आपल्याकडच्या रुंद, जाड बुडाच्या ग्लासात तो सगळा इकडेतिकडे उडून जातो. ग्लास बुडाशी किंवा देठाशी धरा. त्यात नाक खुपसू नका. 40 टक्क्यांच्या वरचा मद्यार्क नाकात गेला, की पुढची दोन मिनिटं नाक बधिर होतं आणि डोळ्यांत पाणी येतं, ते वेगळंच. ग्लास हनुवटीपासून हळूहळू वर आणा, ओठ किंचित उघडे ठेवा आणि श्वास अगदी अलगद घ्या. मग ग्लास खाली ठेवा. थोड्या वेळानं परत उचला. दुसऱ्यांदा वेगळाच वास येतो, आणि तिसऱ्यांदा आणखी वेगळा.

इथंच बहुतेक मराठी माणसं बुजतात. टेस्टिंग घेणारा स्कॉटिश मार्गदर्शक 'हेदरची फुलं', 'ख्रिसमस केक', 'टॉफी अॅपल' असं काही म्हणत असतो आणि आपण हेदर कधी पाहिलेलंच नसतं. मग माणूस गप्प बसतो नाही तर उगाच मान डोलावतो. दोन्हीची गरज नाही. वास ओळखायला आधीची ओळख लागते, आणि ती आपल्याकडे भरपूर आहे. शेरीच्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीत खारीक, काळ्या मनुका, जायफळ, चिंचगुळाच्या चटणीतला गूळ सापडतो. अमेरिकन बर्बनच्या पिंपातली व्हिस्की व्हॅनिला, ओलं खोबरं, मध यांच्याकडे झुकते. ओकच्या लाकडातूनच व्हॅनिलिन उतरतं, तेव्हा हा भास नव्हे. काही तरुण व्हिस्कींना पिकलेल्या केळ्याचा वास येतो, कारण आंबवताना तयार होणारं एक इस्टर खऱ्या केळ्यातही असतं. आणि आयला बेटावरच्या लाफ्रॉइगसारख्या व्हिस्कीचा वास आला, की कुणी आयोडीनच्या पट्टीचं नाव घेतो, कुणी सरकारी दवाखान्याचं, तर कोकणातला माणूस वाळत घातलेल्या बांगड्याचं आणि भिजल्या चुलीचं. हे सगळं मोठ्यानं बोला. मार्गदर्शकाला ते आवडतं, आणि चुकीचं उत्तर असा प्रकार इथं नसतो. व्हिस्कीचा एक थेंब तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळा आणि हुंगा. मद्यार्क उडून जातो आणि मागं जवाचा, धान्याचा वास उरतो. आठ वर्षांच्या पोरासारखं वाटतं खरं, पण अनुभवी लोकही हे करतात.

आता घोट. पहिला अगदी छोटा, जिभेला सवय व्हावी एवढाच. त्याच्यावरून मत बनवू नका, तो सगळ्यांनाच जाळतो. दुसरा घोट काही सेकंद तोंडात फिरवा, गिळा आणि मग नाकानं श्वास सोडा. चव म्हणून जे आपण सांगतो त्यातलं बरंचसं याच क्षणी नाकातून कळतं. आणि मग पाणी. 'नीट'च प्यायची, पाणी घातलं तर लोक हसतील, ही भीती आपल्याकडच्याच मर्दानगीची आहे. स्कॉटलंडमध्ये बारच्या काउंटरवर पाण्याचा जग ठेवलेलाच असतो. ड्रॉपरनं किंवा चमच्यानं थेंब थेंब घाला आणि पुन्हा हुंगा. कित्येकदा बंद दार उघडल्यासारखा वास पसरतो. 2017 मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर याची मांडणी करून दाखवली : मद्यार्क पातळ झाला, की धुराचा वास देणारे ग्वायाकोलसारखे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतात. मात्र बर्फ टेस्टिंगपुरता नको, कारण थंडीनं वास दबतो. नंतर बारमध्ये तुम्हाला बर्फ, सोडा, काय हवं ते घाला. पैसे तुमचे, ग्लास तुमचा.

ग्लास कोणत्या क्रमानं घ्यायचे हे मार्गदर्शकानं ठरवलेलं असतं : सौम्यापासून तीव्राकडे, बिनधुराच्यापासून धुरकटाकडे. तो क्रम मोडू नका. धुरकट व्हिस्की आधी घेतली, की नंतरच्या सगळ्या ग्लासांत तिचाच धूर येत राहतो. जवाला मोड आणून तो वाळवताना खाली पीट, म्हणजे दलदलीतली हजारो वर्षांची कुजकी, दाबली गेलेली वनस्पती, जाळली तर तो धूर दाण्यात बसतो. पीट जाळलंच नाही तर धूर नाही. सगळी स्कॉच धुरकट असते, हा समज त्यामुळे पहिल्याच टेस्टिंगमध्ये गळून पडतो.

प्रदेशांच्या नकाशाबाबतही थोडं सावध राहा. हायलँड, लोलँड, स्पेसाइड, आयला आणि कॅम्पबेलटाउन अशी पाच नावं कायद्यानं संरक्षित आहेत आणि प्रत्येक टेस्टिंगमध्ये तो नकाशा भिंतीवर दिसतो. सुरुवातीला तो उपयोगी पडतो. पण आयला म्हणजे धूर, असं पाठ करून गेलात तर त्याच बेटावरच्या बुनाहाव्हनची नेहमीची, बिनधुराची व्हिस्की तुम्हाला खोटं पाडेल. कॅम्पबेलटाउनची स्प्रिंगबँक डिस्टिलरी तर एकाच छपराखाली धुराची, बेताच्या धुराची आणि अजिबात धूर नसलेली अशी तीन प्रकारची व्हिस्की गाळते. म्हणून मार्गदर्शकाला गावापेक्षा दोन गोष्टी विचारा : पीट वापरलं का, आणि पिंप कशाचं होतं? या दोन उत्तरांत निम्मी व्हिस्की कळते.

वयाचा आकडाही असाच फसवतो. कायद्यानं स्कॉच किमान 3 वर्षं ओकच्या पिंपात ठेवावी लागते आणि बाटलीत ती किमान 40 टक्के असावी लागते. बाटलीवर 12 लिहिलं असेल तर तिच्यातली सगळ्यात तरुण व्हिस्की 12 वर्षांची आहे, इतकाच त्याचा अर्थ. 18 वर्षांची 12 पेक्षा महाग असते हे नक्की, चांगली असतेच असं नाही. कधी कधी ती लाकूड चघळल्यासारखी लागते. गडद रंगाला तर मुळीच भुलू नका. रंगासाठी साधं कॅरमल घालायला स्कॉच कायद्यात मुभा आहे.

हिशेबाचं एक कोष्टक मनात ठेवा. 20 मिलिलिटरचे पाच ग्लास म्हणजे 100 मिलिलिटर, म्हणजे आपले तीन छोटे पेग आणि वर थोडं. 46 टक्क्यांच्या हिशेबानं त्यात 46 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क झाला. ब्रिटनमध्ये 10 मिलिलिटरला एक युनिट धरतात आणि आठवड्याला 14 युनिटांच्या वर जाऊ नका, असा तिथला सरकारी सल्ला आहे. म्हणजे तासाभरात आठवड्याच्या कोट्यातला एक तृतीयांश संपतो. थोडी थोडी घेतल्यामुळे हे लक्षातही येत नाही. सगळं संपवायची सक्ती नाही. थुंकायला भांडं मागता येतं, ग्लासात तसंच ठेवता येतं, त्यानं कुणाचा अपमान होत नाही. जितके घोट व्हिस्कीचे, त्याच्या दुप्पट पाण्याचे, हा माझा नियम.

आणि गाडी चालवायची नाही. एक ग्लाससुद्धा नाही. रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा स्कॉटलंडनं डिसेंबर 2014 मध्ये 100 मिलिलिटरला 80 मिलिग्रॅमवरून 50 वर आणली. इंग्लंडमध्ये अजून 80 आहे, म्हणून लंडनहून भाड्याची गाडी घेऊन वर येणारे इथं फसतात. बऱ्याच डिस्टिलऱ्यांमध्ये गाडी चालवणाऱ्याला त्याचा वाटा छोट्या बाटल्यांत भरून देतात. त्याला ड्रायव्हर्स ड्रॅम म्हणतात. तो संध्याकाळी मुक्कामी निवांत घ्यावा, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

डिस्टिलरीतच जाऊन टेस्टिंग करायचं असेल तर बुकिंग आधी करा. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला स्पेसाइडचा आणि मेअखेर आयलाचा व्हिस्की उत्सव असतो. तेव्हा तिथं उत्साह असतो, पण खोली मिळत नाही. उन्हाळ्यात काही डिस्टिलऱ्या दुरुस्तीसाठी उत्पादन थांबवतात. भट्टी बंद असलेली बघायची नसेल तर ईमेलवर विचारून घ्या. काही ठिकाणी गाळपाच्या खोलीत फोन बंद करायला सांगतात, कारण हवेत मद्यार्काची वाफ असते. तिथं 'एकच फोटो' म्हणून हट्ट करू नये.

टेस्टिंगनंतर बारकडे वळा, पण त्याच संध्याकाळी नको, दुसऱ्या दिवशी. एडिनबरात जुन्या शहराच्या उतारावर बो बार आहे. छोटा, लाकडी आणि मागं शेकडो बाटल्या. ग्लासगोच्या होप स्ट्रीटवर पॉट स्टिल आहे, तिथल्या वरच्या फळ्या गाठायला शिडी लागते. स्पेसाइडला क्रेगेलाखी या छोट्याशा गावातल्या हॉटेलात क्वेख बार आहे. यांपैकी कुठंही गेलात तरी एक गोष्ट सारखीच : टेबलाशी बसून वेटरची वाट बघत राहिलात तर बसूनच राहाल. काउंटरवर जायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, मागायचं, लगेच पैसे द्यायचे आणि ग्लास स्वतः उचलून आणायचा. चुटकी वाजवणं, हात हलवून 'बॉस' म्हणणं तिथं खपत नाही. चारजण असाल तर प्रत्येकानं आळीपाळीनं सगळ्यांची ऑर्डर द्यायची असा रिवाज आहे. मात्र या राउंडच्या चक्रात चारजणांचे चार राउंड होतात. तेवढं प्यायचं नसेल तर 'मी या राउंडला नाही' असं सुरुवातीलाच सांगून टाका.

एवढ्या बाटल्या समोर पाहून माणूस गडबडतो आणि ओळखीचं नाव, म्हणजे मुंबई विमानतळावर रोज दिसणारंच नाव सांगून मोकळा होतो. त्यासाठी इथवर येण्याची गरज नव्हती. काउंटरमागच्या माणसाला तीन गोष्टी सांगा : काल काय आवडलं, काय नाही आवडलं, आणि किती पौंडांपर्यंत. "काल शेरीच्या पिंपातली आवडली, धूर फार झाला, आणि ग्लासाला 8 पौंडांच्या वर नको." पैशांचा आकडा सांगायला आपण लाजतो. तो सांगितला नाही तर बिचाऱ्यालाही कळत नाही की कोणत्या फळीपर्यंत हात न्यायचा. बहुतेकदा तो दोन-तीन बाटल्या काउंटरवर मांडतो, बूच काढून वास देतो आणि निवड तुमच्यावर सोडतो. बाटल्यांवरची नावं उच्चारता आली नाहीत तर बोट दाखवा, स्कॉटलंडबाहेरचे सगळेच दाखवतात. केडनहेड किंवा गॉर्डन अँड मॅकफेल यांच्यासारख्या स्वतंत्र बाटलीकारांचं काही उघडलंय का, हेही विचारा. हे लोक डिस्टिलऱ्यांकडून घेतलेल्या पिंपांतून स्वतःच्या नावानं बाटल्या भरतात. एकेका पिंपातून मोजक्याच बाटल्या निघतात, त्यामुळे त्या विमानतळावर दिसायच्या नाहीत.

माप बघा. ब्रिटनमध्ये व्हिस्की 25 किंवा 35 मिलिलिटरच्या मापानं देतात आणि कोणतं माप ते बारमध्ये लिहिलेलं असावं लागतं. दोन बारच्या दरांची तुलना त्यावरून करा, नाही तर स्वस्त वाटलेला ग्लास महाग निघतो. नवरा-बायको किंवा दोन मित्र असाल तर दोन वेगळ्या व्हिस्की घ्या आणि अदलाबदल करा. तुलना इथंही सोडू नका, नाही तर बार म्हणजे नुसतीच महागडी बैठक. स्थानिक लोक अर्धा पिंट बिअरशेजारी छोटी व्हिस्की घेऊन बसलेले दिसतील. ही त्यांची जुनी पद्धत आहे, एकदा करून बघायला हरकत नाही.

स्कॉटलंडचा योग नसेल तर गोव्याला जाणं होतंच. मडगावच्या दक्षिणेला कुंकळ्ळीत पॉल जॉन ही डिस्टिलरी आहे, आणि तिथं पाहुण्यांना डिस्टिलरी दाखवून टेस्टिंग देतात. बीचवरची एक दुपार तिला द्यावी. मुख्य म्हणजे उष्णतेचा परिणाम तिथं डोळ्यांदेखत कळतो. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के व्हिस्की उडून जाते, गोव्यात त्याच्या कितीतरी पट. व्हिस्की लवकर मुरते आणि लवकर संपते, म्हणून आपल्याकडच्या बाटल्यांवर 12-18 असे आकडे क्वचितच दिसतात. ते नाहीत म्हणून नाक मुरडू नका. बंगळुरूच्या जगदाळे कुटुंबाच्या अमृतनं आपली सिंगल माल्ट 2004 मध्ये पहिल्यांदा नेली ती थेट ग्लासगोला, स्कॉच पिणाऱ्यांच्याच दारात. आता ग्लासगोच्या बारमध्ये तुम्ही अमृत मागितलीत तर कुणी चमकत नाही.

बाटली विकत घेण्याची घाई करू नका. आधी दोन ठिकाणी चाखा, मग खिशात हात घाला. घ्यायचीच तर स्कॉटलंडमध्येच मिळणारी घ्या, विमानतळावर मिळणारी नको. चेक-इन बॅगेत मोज्यांत गुंडाळून ठेवा, बिल जपून ठेवा. 70 टक्क्यांवरचं मद्य विमानात चालत नाही. काही पिंपांतली व्हिस्की 60 च्या वर असते, तेव्हा लेबल वाचा. भारतात एका माणसाला 2 लिटर मद्य करमुक्त आणता येतं. ब्रिटनमधली बाटली 700 मिलिलिटरची असते, म्हणजे तीन बाटल्या झाल्या की तुम्ही 100 मिलिलिटरनं मर्यादा ओलांडलीत. दोन मोठ्या घ्या आणि जोडीला 200 मिलिलिटरच्या तीन छोट्या. बरोबर 2 लिटर होतात, आणि चाखायला दोनाऐवजी पाच व्हिस्की घरी येतात.